हंबीररावांचा मिलिटरी कुकर

“बाजारचा कुकर आणायचा म्हंजे ह्या हातांचा अपमान हाय!” असं आबांनी जाहीर केलं, तेव्हाच अनसूयेनं कपाळाला हात लावला. तिचे आबा, म्हणजे वडील हंबीरराव, पलटणीत ट्रक दुरुस्त करून इस्लामपूरला परतलेले. त्यांनी जर्मनचं, म्हणजे ॲल्युमिनियमचं, जुनं पातेलं घेतलं, वर जाड पत्र्याचं झाकण बोल्टांनी आवळलं, मधे ट्यूबची चकती घातली आणि वाफेसाठी झाकणाला भोक पाडलं. झाला कुकर! दिसायला थेट लोखंडी टोपी घातलेला पैलवान!

“आबा, एवढा दाब ह्या पातेल्याला सोसंल? शाळंत वाफेचा धडा झालाय आमचा.”

“धडा! अगं, हे हात इंजिनं उघडत हुते, तवा तू पाळण्यात हुतीस!”

कोरेगावचे मामा जेवायला येणार होते. ते पाय धुवेपर्यंत मटण लोण्यासारखं करून दाखवायचं, हा आबांचा बेत.

आई चुलीपुढं पाटावर बसली. भोकातून वाफ, शेवटच्या बाकावरून उत्तर सांगणाऱ्या पोरीसारखी, फुसफुसायला लागली. आईला ते बघवेना. रोज पातेल्याच्या कडेनं वाफ गेली की ती कणीक थापायची. इथंही थापली! कणीक उडाली, तशी पुन्हा थापून वर चक्क वरवंटा ठेवला.

फुसफूस बंद.

अंगणात अनसूयेजवळ उभ्या आबांनी मिशीवर हात फिरवला. “ऐकलंस? वाफ गप! ह्येला म्हंत्यात मिलिटरी काम!”

अनसूया मात्र गारठली. चूल पेटलेली असताना वाफ गप कशी बसेल? ती आत धावली. वरवंटा थरथरत होता आणि पातेल्याचं पोट जेवल्यानंतरच्या मामांसारखं फुगलं होतं!

“आई, ऊठ!”

“अगं, मटण...”

“करपू दे मटण!”

आबा पान्हा घेऊन आले. “सरा! बोल्ट ढिलं करतो.”

“हात लावायचा न्हाई, आबा!”

जन्मात पहिल्यांदाच ती आबांवर ओरडली. एका हातात आईचा दंड, दुसऱ्यात आबांचा सदरा धरून तिनं दोघांना अंगणात ओढलं.

धडाम्!

बूड फाटलं आणि पातेलं कौलं फोडून परसात जाऊन आदळलं.

“झाकण बगा!” आबा धावले. “एक तरी बोल्ट हाललाय का?”

मग ते दारातून आत डोकावले. वरवंट्यानं आईच्या पाटाचे दोन तुकडे केले होते. आबांचा हात मिशीपर्यंत गेला आणि तिथूनच खाली आला. आईकडं बघायचं त्यांना धाडस होईना.

“अनसे,” ते हळूच म्हणाले, “त्यो वाफंचा धडा मला शिकीव.”

तेवढ्यात पाय धुऊन मामा आत आले. आढ्याला चिकटलेला मटणाचा तुकडा टपकन् त्यांच्या खांद्यावर पडला. त्यांनी तो दोन बोटांत धरून दाबून पाहिला.

“दाजी, जरा कच्चंच ऱ्हायलंय की!”