तीन सेंटांचा खवला

टेबलाच्या एका टोकाला केझाया निकर्सन पत्र लिहीत होती आणि दुसऱ्या टोकाला तिचा नवरा जेबेझ मासे साफ करत होता, हॅडक जातीचे. अमेरिकेतल्या केप कॉडच्या किनाऱ्यावर घरात टेबल एकच, त्यामुळे यात कुणाला काही वावगं वाटत नाही. पत्र जेबेझच्या काकांना होतं, प्लिमथच्या झीनस काकांना. त्यांची जुनी होडी जेबेझ सहा वर्षं भाड्याने चालवत होता, आणि आता काकांचा निरोप आला होता: शनिवारपर्यंत उत्तर आलं नाही तर होडी नॅनटकेटच्या गिऱ्हाइकाला विकतो. होडी गेली की जेबेझला दुसऱ्याच्या होडीवर मजुरी करावी लागणार होती.

"लिही, की विकू नका, आम्ही घेतो. अर्धे पैसे वसंतात, अर्धे ऑक्टोबरात."

"ते कधीच लिहून झालं. तू सही कर. आधी हात पूस."

जेबेझने हात विजारीला पुसले. विजार हातांपेक्षा स्वच्छ होती असं नाही. सही झाली, पण कागदाला पाचसहा खवले चिकटले.

"खरवडले तर शाई पसरेल," केझाया म्हणाली. "राहू देत. काकांना कळेल तरी, तू कामाला असतोस ते." तिने कागदाची घडी घातली, वर लाख ओतली आणि टपालाचे पैसे घ्यायला हात पुढे केला. दौतीजवळ ठेवलेलं घरातलं एकुलतं नाणं तिथे नव्हतं.

नाणं त्याच वर्षी, १८५१ साली, निघालेलं. टपाल तीन सेंटांवर आलं म्हणून सरकारने मुद्दाम तीन सेंटांचं चांदीचं नाणं काढलं. अंगठ्याच्या नखाएवढं आणि कागदासारखं पातळ. सगळा किनारा त्याला खवलाच म्हणायचा. हे नाणं काढणाऱ्याने जन्मात मासा साफ केलेला नाही, असं केझायाचं मत होतं. सरकारला ते पटून नाणं बंद व्हायला पुढे बावीस वर्षं लागली.

"टेबल तू पुसलंस?"

"पुसलं की."

"खवले कुठे टाकलेस?"

"कोंबड्यांना."

अर्धा तास दोघं अंगणात ओणवी होऊन माती चाळत होती. अकरा कोंबड्या बाजूला उभ्या राहून बघत होत्या.

"कापायच्या का?" जेबेझने विचारलं.

"तीन सेंटांसाठी अकरा कोंबड्या?"

"होडीसाठी."

"कुठलीने गिळलंय ते माहीत असतं, तर एव्हाना मीच कापली असती."

पैसे न भरता पत्र धाडायची सोय होती, पण मग घेणाऱ्याला पाच सेंट भरावे लागत, आणि झीनस काकांनी असं पत्र आजवर एकदाही सोडवलं नव्हतं. सख्ख्या भावाच्या मरणाचं पत्र त्यांनी परत धाडलं होतं. केझाया पत्र घेऊन तशीच लॉट क्रॉवेलकडे धावली. लॉट गावचा दुकानदार आणि गावचा पोस्टमास्तरही. खोली एक, फळ्या दोन: एक दुकानाची, एक टपालाची.

"लॉटदादा, तीन सेंट खात्यावर लिहा. उद्या हॅडक आणून देते."

लॉटने दुकानाचा अ‍ॅप्रन काढला आणि तो टपालाच्या फळीमागे जाऊन उभा राहिला. "हॅडक दुकानाला चालतो, केझाया. सरकारला चालत नाही."

"मग दुकानातून तीन सेंट उसने द्या."

तो परत आला, अ‍ॅप्रन बांधला आणि त्याने गल्ला उघडून दाखवला. गल्ल्यात सुतळी होती. "अख्खं गाव मला मासे देतं. रोख आणू कुठून?"

बाहेर टपालगाडीचं शिंग वाजलं. लॉटने पुन्हा अ‍ॅप्रन सोडला, पत्रावर पाचाचा आकडा टाकला आणि ते थैलीत सोडलं. "सोडवतील गं काका," तो म्हणाला. म्हणताना त्याने तिच्याकडे पाहिलं नाही.

शनिवारी संध्याकाळी जेबेझने होडीतले आपले गळ, दोऱ्या आणि जुना कोट घरी आणला. केझायाला रडू आलं, ते तिने कांद्यावर ढकललं.

सोमवारी दारात खुद्द झीनस काका उभे. कुणाच्या तरी गाडीतून फुकट आले होते.

"पाच सेंट भरले मी! जन्मात पहिल्यांदा," आत येताच त्यांनी सुरुवात केली. "पत्र चाचपलं, तर आत नाणं. सोन्याचा डॉलरही एवढाच असतो. म्हटलं, पोरांनी बयाणा पाठवलाय. उघडलं, तर हे!" त्यांनी नाणं टेबलावर आपटलं. त्याला अजून माशाचा वास येत होता.

जेबेझने खुलासा करायला तोंड उघडलं. केझायाने त्याच्या पायावर पाय दिला.

"म्हणजे पत्र वाचलंत तुम्ही?"

"पाच सेंट भरल्यावर वाचणार नाही? चारदा वाचलं. नॅनटकेटवाल्याला नाही म्हणून कळवलंय. होडी घ्या तुम्ही. पण पाच गेले, तीन आले. माझे दोन सेंट टाका आधी."

घरात दोन सेंट नव्हते. बरीच घासाघीस होऊन काका एका हॅडकवर राजी झाले, पण साफ करून हवा म्हणाले. जेबेझने तिथेच टेबलावर साफ केला, टेबल पुसलं, आणि काका नाणं खिशात घालून, मासा काखेत मारून खुशीत निघून गेले.

या वेळी केझायाने खवले कोंबड्यांना टाकण्याआधी फडकं झटकून पाहिलं.

पंधरा दिवसांनी लॉटने तिला हाक मारली. झीनस काकांचं पत्र होतं, पैसे न भरलेलं. "पाच सेंट," अ‍ॅप्रन सोडत तो म्हणाला.

केझायाने पत्र हातात घेतलं आणि या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत सावकाश चाचपलं.

"आत काही नाही," ती म्हणाली. "परत पाठवा."