दौंडला गेलेला दुसरा भाग

उन्हाळ्याच्या सुट्टीत वाचायची पुस्तकं कशी निवडावीत, हे मला विचारा! आजकाल लोक मोबाइलवर पन्नास जणांचे अभिप्राय वाचतात आणि दमून झोपी जातात. आम्ही पुस्तक हातात घेऊन कलिंगडासारखं जोखायचो. जाड आहे का? अक्षर बारीक आहे का? मग महिनाभर पुरेल. मधलं कुठलंही पान उघडावं, त्यात कुणीतरी रडत असलं पाहिजे. आणि शेवटचं पान जागेवर आहे ना, हे सगळ्यात आधी बघायचं!

ही विद्या मला वडगाव रासाईनं शिकवली. ते माझं आजोळ. मे महिन्यात अयुबमामू शिरूरला येऊन मला घेऊन जायचे. दुपारची जेवणं उरकली की रोशनमामीच्या ओट्यावर लिंबाच्या सावलीत बायका जमायच्या. मी मोठ्यानं वाचायचं, त्यांनी ऐकायचं. गावात टीव्ही होते, पण दुपारी वीज नसायची. मी मात्र असायचे! ताकाचा पहिला पेला वाचणारीला, असा तिथला रिवाज होता. एवढा मान मला पुढे आयुष्यात कुठेच मिळाला नाही. सासरी तर विचारूच नका.

शहाण्णव सालच्या उन्हाळ्यात मी एक जाडजूड कादंबरी नेली होती. तिच्यात कुमुदिनी नावाची सून. सासरच्या छळाला कंटाळून ती नदीवर येते, नाव बोलावते, नावेत बसते. नाव मध्यावर आल्यावर नावाडी मागे वळून बघतो आणि त्याचा चेहरा पाहून कुमुदिनी किंचाळते!

"आन् मंग?" धुरपदाकाकूंनी विचारलं.

"मग 'पहिला भाग समाप्त'."

"म्हंजी?"

"म्हणजे पुढचं दुसऱ्या भागात."

"आता गं बया! मंग आण की दुसरा!"

दुसरा भाग वाचनालयात नव्हता. कुणीतरी नेला होता. झालं! वर्षभर वडगावच्या बायका ऊस खुरपताना एकाच गोष्टीवर भांडत होत्या : नावाडी कोण? धुरपदाकाकू म्हणायच्या, नवराच. मामी म्हणायची, दीर. चांगुणामावशी मिशरी लावत नुसतंच म्हणायच्या, "बघू की, घाई काय हाय?" बाजाराला शिरूरला आलेल्या बाया आमच्या दारात यायच्या, पाणी प्यायच्या आणि विचारायच्या, "आला का गं त्यो दुसरा?"

आणि सत्त्याण्णवच्या मे महिन्यात तो आला! मी शेजाऱ्यापाजाऱ्यांची वाचनालयाची कार्डं गोळा करून पाच पुस्तकं काढली. धुरपदाकाकूंसाठी भुताचं, मामीसाठी रडायचं, मामूंसाठी हसायचं, एक माझ्यासाठी, आणि सगळ्यांत वर दुसरा भाग. अम्मीच्या जुन्या फुलाफुलांच्या चादरीत गाठोडं बांधलं आणि मामूंबरोबर स्टँडवर आले.

आता एसटीत जागा कशी धरतात हे वाचकांना सांगायला नकोच. गाडी लागली की खिडकीतून वस्तू आत टाकायची आणि मग दाराकडे पळायचं. वस्तू पडली की जागा तुमची. त्यावर अपील नाही.

"रुमाल टाक गं," मामू म्हणाले. त्यांच्या दोन्ही हातांत आंब्यांच्या पाट्या होत्या.

"रुमाल उडतो मामू! गाठोडं कुणी हलवत नाही!"

गाडी आत शिरली. बाजूला पाटी होती : वडगाव रासाई. मी पळत्या गाडीबरोबर पळाले आणि असा नेम धरून गाठोडं फेकलं, की ते तिसऱ्या खिडकीतून थेट सीटवर! बघणाऱ्या एका म्हाताऱ्या बाबांनी "वा गं पठ्ठे!" म्हटलं. मी मान ताठ करून दाराकडे गेले. दारात ही गर्दी! आम्ही मागे लोटले गेलो, मामूंचा एक आंबा गडगडत गेला, तो धरायला ते वाकले, आणि तेवढ्यात कंडक्टरनं डबल बेल मारली.

"ओ थांबा! वडगाव, वडगाव!" मी ओरडले.

"वडगाव मागची!" कंडक्टर दारातून ओरडला. "ही दौंड हाय! वडगाववरनं आत्ताच आलीया, पाटी बदलायची ऱ्हायली!"

आणि कुमुदिनी दौंडला निघून गेली.

मी स्टँडवरच भोकाड पसरलं. पाच पुस्तकं लोकांच्या कार्डांवरची, ते वेगळंच. पण दुसऱ्या भागाशिवाय वडगावात पाऊल कसं ठेवायचं? ताकाचा पेला दिसेनासा झाला.

"जाऊ दे ना," मामू म्हणाले. "पुस्तकच तर हाय. मला काय त्या नावाड्याचं पडलंय?"

असं म्हणून त्यांनी दौंडला जाणाऱ्या पुढच्या गाडीची चौकशी केली.

वडगावच्या कंडक्टरकडे आम्ही निरोप दिला : रोशनबींना सांगा, गाठोडं चुकून दौंडला गेलंय, आणायला चाललोय. साधा निरोप! पण तो कंडक्टरकडून टपरीवाल्याकडे, टपरीवाल्याकडून दूधवाल्याकडे असा फिरत ओट्यावर पोचला, तोवर त्याचं एवढंच उरलं : अयुबभाई आन् भाची गाठोडं घेऊन तातडीनं दौंडला गेलेत. आता आमच्याकडचं माणूस तातडीनं दौंडला जातं ते दोनच कारणांनी, रेल्वे धरायला नाहीतर दवाखान्यात. मामीनं रेल्वेचा विचारच केला नाही. तिनं पदर डोळ्यांना लावला.

इकडे आम्ही दौंडला उतरलो. स्टँडवर विचारलं, तर एक बाई पुढे आल्या. त्यांचं नाव सोजराबाई.

"ते फुलाफुलांचं गाठोडं तुजं व्हय? अगं पोरी, त्या जागंवर दौंडपत्तोर कुणी बसलं न्हाई! मी उभी, माज्या मांडीएवढं पोरगं कडंवर. म्हटलं, कुणाचं तरी बसल्यालं हाय, यील आता, यील आता. ड्रायव्हर म्हनला बसा, म्या म्हटलं, न्हाई बाबा, जागा धरल्याली हाय!"

मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. माझं गाठोडं खिडकीजवळ ऐसपैस बसून आलं होतं आणि अख्खी गाडी उभी होती!

"आता कुठाय ते?"

"कंट्रोलरकडं दिलं."

कंट्रोलरसाहेबांच्या केबिनबाहेर प्रवाशांची झुंबड. आत साहेब टेबलावर पाय घेऊन दुसरा भाग वाचत होते!

"पंढरपूर गाडी कवा हाय साहेब?"

"थांबा हो जरा," साहेब पान उलटत म्हणाले.

मी पुढे झाले. "साहेब, ते माझं पुस्तक आहे."

"कशावरनं?" त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "बेवारस माल ओळख पटल्याबिगर देता येत न्हाई. सांग, यात काय हाय?"

"ते मी अजून वाचलंच नाही!"

"मंग तुजं कशावरनं?"

"पण पहिला भाग वाचलाय!"

साहेबांनी पाय खाली घेतले. खुर्ची पुढे ओढली. "सांग पहिला भाग. मला पन कळंना झालंय, ही बाई नावंत आली कशी!"

म्हणून मी सांगायला लागले. सासू, तिचा जाच, हरवलेली नथ, सगळं. दारातली गर्दी आत सरकली. एक ड्रायव्हर दाराला टेकून उभा राहिला. माझी गाडी अडली की मागून मामू भर घालायचे : "न्हाई, न्हाई, नथ दिरानं न्हाई, नणंदेनं लपवली हुती!" मी वळून बघितलं, तर मामू लाजले. गेल्या वर्षी रोज दुपारी भिंतीपलीकडे बाजेवर घोरणारे मामू एक अक्षरही न सांडता ऐकत होते!

नावाडी वळला तिथे मी थांबले. मग बाहेरून कुणीतरी ओरडलं, "ओ, शिरूर गाडीचा ड्रायव्हर कुठं मेलाय?" तेव्हा दाराला टेकलेला ड्रायव्हर दचकून पळाला.

साहेबांनी पुस्तक माझ्या हातात दिलं, पण लगेच सोडलं नाही. "पोरी, मी शेवटचं पान आधी बघितलंय. एवढी घाई करू नगंस वाचायची."

मी ऐकते कशाला! आम्ही गाड्या बदलत दिवेलागणीला वडगावात पोचलो. ओट्यावर ही गर्दी! मला वाटलं, आता मामी धावत येईल, धुरपदाकाकू कानशिलावर बोटं मोडतील. मी गाठोडं डोक्यावर धरून ओरडले, "आणला! दुसरा भाग आणला!"

"गप! बस खाली!" धुरपदाकाकू म्हणाल्या. "संपत आलंय!"

मध्ये चांगुणामावशी बसल्या होत्या. रडणाऱ्या मामीला गप्प करायला त्यांनी दुपारीच दुसरा भाग सुरू केला होता. स्वतःच्या मनानं! नावाडी म्हणजे कुमुदिनीचा बाप निघाला, सगळ्यांनी पुरात गेला म्हणून सोडून दिलेला. त्यानं नाव या काठाला लावली नाही आणि त्या काठालाही नाही, थेट खाली दूरच्या गावी नेली. तिथं ती शिकली. मास्तरीण झाली.

"आन् एक दिस," चांगुणामावशी म्हणाल्या, "तिचा नवरा दुसऱ्या बायकूची पोरगी घिऊन आला, शाळंत घालायला. ह्यानं न्हाई वळखलं, तिनं वळखलं. पन मान वर केली न्हाई. नुस्तं इचारलं, 'नाव काय मुलीचं?'"

मामी रडत होती, पण निराळं रडत होती. मामू आंब्याच्या पाट्या तशाच धरून उभे होते. मला चांगुणामावशींचा भयंकर राग आला आणि त्याच क्षणी, खोटं कशाला सांगू, माझेही डोळे भरून आले.

दुसऱ्या दिवसापासून मी खरा दुसरा भाग वाचायला घेतला. नावाडी सासऱ्यांचा माणूस होता. कुमुदिनी परत सासरी गेली, तिला क्षयरोग झाला, आणि शेवटच्या पानावर नवऱ्याच्या पायांवर डोकं ठेवून ती मेली. मी चांगलं कापऱ्या आवाजात वाचलं. वर पाहिलं, तर धुरपदाकाकू लालबुंद झालेल्या.

"एवढी नदीत उतरली ती ह्याच्यासाठी?"

"छापताना चुकलं आसंल," चांगुणामावशी शांतपणे म्हणाल्या.

सगळ्यांना ते पटलं. त्या दिवशी ताकाचा पहिला पेला चांगुणामावशींना मिळाला. मला दुसरा.

परवा सुट्टीला आलेली माझी भाची सुफिया विचारत होती, "खाला, उन्हाळ्यात वाचायला एक चांगलं पुस्तक सांग ना." मी कुमुदिनीची अख्खी गोष्ट सांगितली, 'नाव काय मुलीचं'पर्यंत. पोरीचे डोळे पाणावले. तिनं कुठून कुठून शोधून दोन्ही भाग मागवले आणि आठवड्यानं फणकारत आली.

"खाला, शेवट असा नाहीच आहे!"

मी ताकाचा पेला खाली ठेवला.

"छापताना चुकलं असेल गं."