टॉवेलाखालची किंमत

लोणावळ्याजवळच्या औंढ्याच्या गेनूआबांनी आयुष्यात कधी कुठल्या वस्तूची किंमत तोंडाने सांगितलेली नाही. किंमत विचारली की ते खांद्यावरचा टॉवेल उजव्या हातावर टाकतात आणि तो झाकलेला हात तुमच्यापुढे करतात. आपण टॉवेलाखाली हात घालायचा. मग ते आपली बोटं दाबतात. जितकी बोटं तितके शेकडे, नाहीतर हजार. काय ते वस्तूकडे बघून आपणच ओळखायचं.

चाळीस वर्षं त्यांनी बैलांच्या बाजारात दलाली केली. तिथे सौदा असाच होतो, शेजारच्याला पत्ता लागू नये म्हणून. आबांचं कारण मात्र निराळं. "जनावराच्या समूर किंमत बोलायची न्हाई, सायेब. त्याला कळतं." दलाली सुटली, सवय सुटली नाही. एकदा लोणावळ्यात चिक्कीच्या दुकानात त्यांनी असाच हात पुढे केला. दुकानदाराला वाटलं, म्हाताऱ्याच्या हाताला लागलंय. त्याने घरातून हळद आणून दिली. आबांनी ती कागदात बांधून घेतली आणि चिक्की न घेताच परत आले.

आम्हाला ते दर वर्षी इंद्रायणी तांदूळ घालतात. सईचा पियानो विकायला काढेपर्यंत आमचा संबंध एवढाच होता.

सई आमची मुलगी. पियानो डिजिटल. ती दहावीत असताना माझ्या बोनसमधून घेतला, बावन्न हजारांना. आता ती बंगळूरला नोकरी करते आणि चार वर्षं पियानो हॉलमध्ये चादर पांघरून उभा होता. "बाबा, विकून टाका, येतील तेवढे घ्या," असं ती फोनवर म्हणाली. तिची आई पियानोवरची चादर सरळ करत राहिली. आता येतील तेवढे म्हणजे किती? नेटवर तसलाच एक पियानो कुणी आठ हजारांना काढला होता, कुणी तीसला. मी जाहिरात टाकली, तर नमस्कार नाही की चमत्कार नाही, एकेकाचं आपलं "लास्ट प्राइस?" एवढंच. वलवणच्या एका रिसॉर्टवाल्याने मात्र सरळ वीस हजार सांगितले. मी हो म्हणणारच होतो, तेवढ्यात आबा तांदळाचं पोतं घेऊन आले.

"इकताय व्हय? बघू द्या की."

"आबा, हा पियानो आहे."

"असंना का. पाय हायेत न्हवं त्याला?"

चादर काढून त्यांनी आधी पाय ठोकून पाहिले. मग पट्ट्या मोजल्या, एका टोकापासून, दात मोजावेत तशा. "अठ्ठ्याऐंशी. तोंड पुरं हाय. ह्यो एक हलतोय." मी बटण दाबायला गेलो तर म्हणाले, "आवाज नगं आत्ताच." प्रत्येक पट्टी त्यांनी मुकीच दाबून पाहिली आणि मधल्या पट्ट्यांवरून अंगठा फिरवला. तिथली चकाकी गेली होती.

"पोरगी मदीच लय चरली. कडंचं गवत तोंडात धरलंच न्हाई."

हे खरं होतं. सईला दोनच गाणी येत होती आणि दोन्ही मधल्या पट्ट्यांवरची.

मग, त्याला कळू नये म्हणून, मला पियानोची पिन काढायला लावून आबांनी टॉवेल पसरला. तीन वेळा अख्खा पंजा दाबला आणि शेवटी करंगळी. सोळा हजार.

"पण रिसॉर्टवाला वीस देतोय, आबा."

"वाजवणार कोन तितं?"

"कुणी नाही. लॉबीत शोभेला ठेवणार."

"मंग नगं. नुसतं उबं ऱ्हाऊन जनावर आकडतं."

मी चार हजारांचा हिशेब समजावून सांगू लागलो, पण तेवढ्यात बायको आतून म्हणाली, "आबा म्हणतात ते बरोबर आहे." त्या विषयावर महिनाभरात ती पहिल्यांदाच बोलली होती. मी रिसॉर्टवाल्याला नाही कळवलं. त्या दिवशी मला आबांचा फार राग आला.

पुढच्या रविवारी जाहिरात बघून कामशेतहून सुधाताई आल्या. दवाखान्यातून नुकत्याच निवृत्त झालेल्या नर्स. लहानपणापासून शिकायचं मनात होतं, आता वेळ मिळाला, म्हणाल्या. त्यांनी आधी पदराला हात पुसले. मग एका बोटाने एकच पट्टी दाबली आणि तो आवाज पुरता विरेपर्यंत तशाच उभ्या राहिल्या. मुद्दाम हजर राहिलेल्या आबांनी लगेच टॉवेल पुढे केला. सुधाताईंनी खाली हात घातला आणि सवयीने त्यांचं मनगट धरलं.

"अहो आबा, नाडी केवढी पळतेय तुमची. गोळी घेता ना?"

"सौद्याला पळतीच ती," आबा म्हणाले. "चाळीस वर्सं पळतीय."

सोळाला सौदा ठरला. पियानो टेम्पोत चढायच्या आधी आबांनी त्याचा अडॅप्टर सोडवला, वायर नीट गुंडाळली आणि माझ्या बायकोच्या हातात दिली. "वैनी, जनावर जातं, दावं घरात ऱ्हातं. दावं कवा द्यायचं न्हाई."

"आबा, त्याच्याशिवाय तो चालत नाही," मी म्हणालो.

"नव्या धन्यानं नवं दावं आणायचं."

सुधाताई हसल्या, अडॅप्टरचे हजार वजा करून पंधरा मोजले आणि गेल्या. बायकोने ती वायर कपाटात साड्यांच्या खाली ठेवली.

आबा दलाली घेईनात, म्हणून मी चिक्कीचा पुडा घेऊन औंढ्याला गेलो. ते गोठ्यात बसले होते. गोठा लख्ख झाडलेला, पण आत एकही जनावर नाही. भिंतीतल्या खुंट्यांना नऊ दावी टांगलेली, आणि आबा दहावं मांडीवर घेऊन त्याला तेल चोळत होते.

"हे कुणाचं?"

"ढवळ्याचं. शेवटचा त्यो. सा वर्सं झाली. माजं गुडगं गेलं, पोरगा कंपनीत. राबवणार कोन?"

"कितीला गेला?" मी सहज विचारलं. इतके दिवस किमतीतच डोकं घालून बसलेलो, दुसरं सुचलं नाही.

आबांनी रिकाम्या गोठ्यात एकदा सगळीकडे पाहिलं. मग खांद्यावरचा टॉवेल काढून हातावर टाकला आणि पुढे केला. मी खाली हात घातला. त्यांनी तो धरला. मी बोटं मोजायच्या तयारीत बसलो होतो, पण त्यांनी एकही बोट दाबलं नाही. बराच वेळ नुसता हात धरून ठेवला.