उन्मादाचा तिसरा भाग

हरिश्चंद्र मास्तरांच्या नऊ जणांच्या वाद्यवृंदाचे पुढचे आयुष्य रावसाहेब शेवड्यांच्या एका शेऱ्यावर टांगलेले होते. रावसाहेब म्हणजे निवृत्त मामलेदार आणि रत्नागिरीच्या सुबोध मंडळाचे अध्यक्ष. मंडळाचे सभागृह तालमींना द्यायचे की मास्तरांना वाद्यांसकट बाहेर काढायचे, हे ते रविवारचा कार्यक्रम ऐकून ठरवणार होते.

"संगीतात भावना जरूर असावी, मास्तर," त्यांनी बजावले होते, "पण ती खुर्चीवर बसून ऐकता आली पाहिजे. कुणी डुलता कामा नये. 'अंगात येणे : एक अज्ञानजन्य रोग' हे माझं व्याख्यान आपण ऐकलंच असेल."

मास्तरांनी ते तीनदा ऐकले होते.

कार्यक्रमाचे भाग तीन : शांती, तळमळ आणि उन्माद. शांती फिडलवर बरी बसली होती. तळमळ सखारामच्या क्लॅरिनेटकडे होती. ती मुळातच तळमळत असे. उन्माद मात्र काही केल्या चढेना. तबलजी पोस्टात नोकरीला होता आणि उन्मादही टपालावर शिक्के मारावे तसा वाजवायचा. शेवटी मास्तर गावदेवीच्या देवळात गेले आणि तिथल्या खंडूला ढोलासकट ठरवून आले.

"वाजवीन की," खंडू म्हणाला. "पन मास्तर, देवीचा ठेका धरला नि कोनाच्या अंगात वारा आला, तर ढोल मधीच थांबवाचा नाय. वारा जाईपरेंत वाजवाचा. थांबलाव तर तो मानूस तसाच ऱ्हातो."

"आमच्याकडे सगळी शिकलेली माणसं येतात रे."

"मंग काय भ्या नाय."

रविवारी दुपारी चारला सभागृह भरले. पहिल्या रांगेत रावसाहेब, डोक्यावर पगडी, हातात चांदीच्या मुठीची काठी. मागे बायकांच्या बाकांवर त्यांच्या पत्नी सावित्रीबाई. शांती झाली, तळमळ झाली. रावसाहेबांनी तसूभरही मान हलवली नाही. मास्तरांना हायसे वाटले.

मग खंडूने ढोलावर पहिला ठोका दिला आणि तावदाने थरथरली. चौथ्या आवर्तनाला मास्तरांना दिसले, रावसाहेबांचा डावा पाय हलतो आहे. त्यांनी खंडूला हाताने 'हळू' अशी खूण केली. खंडूने ती 'अजून' अशी घेतली. उजवा पाय हलू लागला. काठी निसटली. पगडी शेजारच्या वकिलांच्या मांडीवर पडली, आणि रावसाहेब उभे राहून घुमू लागले.

"थांब, थांब!" मास्तर पुटपुटले.

"थांबू कसा? ऱ्हातील ना तसेच!"

जन्मभर घुमत राहिलेले मामलेदार मास्तरांच्या डोळ्यांपुढे उभे राहिले. सभागृह तर गेलेच होते. निदान मामलेदार तरी परत करायला हवे होते.

"वाजवा!" ते ओरडले. "सगळे वाजवा!"

पंधरा मिनिटे झाली. सखारामचे ओठ सुजले. फिडलची एक तार तुटली. सगळे श्रोते हात जोडून उभे राहिले होते, वकील पगडीसकट. वारा उतरायचे नाव घेईना.

"इचारा ना कोनीतरी, काय होवा ता!" खंडू घामाघूम होऊन ओरडला. "इचारल्याबिगर जायाची नाय!"

मामलेदाराला प्रश्न विचारायची कुणाला सवय नव्हती. शेवटी सावित्रीबाई पदर सावरत पुढे आल्या.

"आई, काय मागणं आहे तुझं?"

"माझी वाट कोणी अडवलीन?" रावसाहेब गरजले.

अकरा वर्षांपूर्वी रावसाहेबांनी देवीच्या पालखीच्या वाटेवर चिऱ्यांची भिंत घातली होती. तेव्हापासून शिमग्यात पालखी त्यांचे दार टाळून जाई.

"ह्यांनीच अडवलीन, आई," सावित्रीबाई शांतपणे म्हणाल्या.

"पाडा!"

"उद्याच पाडते."

रावसाहेब धप्पकन खुर्चीत बसले. ढोल थांबला. त्यांनी डोळे उघडले, पगडीसाठी डोके चाचपले आणि विचारले, "संपला उन्माद?"

"संपला," मास्तर म्हणाले. त्यांचे सगळेच संपले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहारींच्या आवाजाने रावसाहेब अंगणात धावले. खंडू चार गडी घेऊन भिंतीवर चढला होता.

"कुणाच्या हुकमाने?"

"तुमच्याच, रावसायब."

सावित्रीबाई गड्यांसाठी चहा घेऊन आल्या. "काल भरसभेत सांगितलंत की. कसं सांगितलंत, ते वकिलांना बोलावून विचारायचं का?"

रावसाहेबांनी सुटा झालेला एक चिरा पायाने बाजूला सारला. मग म्हणाले, "काही गरज नाही. मीच सांगितलं. पूर्ण शुद्धीत. हवा खेळती राहावी म्हणून."

दुपारी मास्तरांच्या घरी पाकीट आले. त्यांनी ते फोडले.

'शांती व तळमळ समाधानकारक. उन्मादाचा भाग अगदीच फिका. त्याचा कोणाही श्रोत्यावर कसलाही परिणाम झालेला आढळला नाही. सबब तालमींस सभागृह देण्यास हरकत नाही.'

मास्तरांनी कागद दोनदा वाचला, कपाळाला लावला आणि पाकीट उलटे केले. मागे शिसपेनीने, बायकी अक्षरात, एक ओळ होती :

'पुढचा कार्यक्रम कधी? स्वयंपाकघराला खिडकीही हवी आहे.'