नावं ठेवायला जागा

एका जंगलात भांडण चाललं होतं. आपण पोचायला जरा उशीर केला, मुलांनो. सुरुवातीचे टोमणे मारून झाले होते.

"माझ्या पेंग्विनला नावं ठेवायची नाहीत!" साळूआजी काटे फुलवून म्हणाली.

"अहो आजी, नावं ठेवायलाच तर बसलोय सकाळपासून!" कोल्ह्याने कपाळाला हात लावला. "तुमच्या फोनातली नावं, ह्या संगणकात. पण तुमचा पेंग्विन ती घेईल तर ना!"

साळूआजी म्हणजे म्हातारं साळिंदर. तिच्या संगणकावर पेंग्विनवालं लिनक्स होतं, म्हणजे संगणक चालवणारी फुकटची प्रणाली, पेंग्विन हे तिचं चिन्ह. ते तिने कुणालाही न विचारता, स्वतःच्या अकलेने बसवलं होतं. साऱ्या जंगलात तसं दुसरं नव्हतं, आणि हे ती भेटेल त्याला ऐकवायची.

फोन मात्र आज कातळावर आपटला होता. त्याचा पडदा वरून खाली काळा पडत चालला होता. आत नंबर ढीगभर, पण आजीला हवा होता एकच. नदीपलीकडच्या धाकट्या बहिणीचा. तो दुसरीकडे कुठेच नव्हता. आणि धाकटी इतकी मानी, की स्वतःहून फोन करायची नाही. घराणंच तसलं.

म्हणून आजी ब्लूटूथ लावून बसली. तेवढ्यात कोल्हा आला, न बोलावता. तो जंगलातला तज्ज्ञ. म्हणजे त्याच्या गळ्यात तसं कार्ड होतं. त्याने ब्लूटूथ बंद करून चालू केलं. फोनची आणि संगणकाची जोडी मोडली, पुन्हा जमवली. संगणक म्हणाला, जोडलं. फोन म्हणाला, जोडलं. फोनातलं गाणंसुद्धा संगणकातून वाजलं.

नावं? एकही नाही.

"फुकट मिळालेलं असंच असतं हो, साळूबाई," शेजारची अस्वलवहिनी म्हणाली. ती नुसती बघायला आली होती.

"पुसून टाकू पेंग्विन," कोल्हा म्हणाला. "काहीतरी विकतचं घालू."

आता एक गंमत ऐका, आणि कुणाला सांगू नका. पेंग्विनचं काहीच चुकत नव्हतं. जोडी जमली की दर वेळी फोन पडद्याच्या तळाशी हळूच विचारायचा, 'नावं संगणकाला देऊ? हो की नको?' आणि दर वेळी साळूआजीच पंजाआड 'नको' दाबायची.

कारण नावं तिने ठेवली होती, आणि कशी ठेवलीयत ते तिला ठाऊक होतं. ही दोघं एकदा टळली की निवांत 'हो' म्हणू, असा तिचा बेत. पण कोल्हा हलेना. वहिनीने तर बैठकच मारली होती.

फोनने पुन्हा विचारलं, तोवर काळा रंग उतरत उतरत 'हो'च्या डोक्यावर आला होता. इकडे कोल्ह्याचा पंजा पेंग्विन पुसायला निघाला.

साळूआजीने डोळे मिटले आणि 'हो' दाबलं.

भराभरा नावं आली. मोठ्या पडद्यावर, चांगल्या ठसठशीत अक्षरांत. आजीला चष्म्याशिवाय वाचता यावीत म्हणून तिनेच तशी सोय केली होती.

'अस्वलीण भोचक.'

'कोल्हा उचलू नये.'

'कोल्हा नवा नंबर, हाही उचलू नये.'

'धाकटी. आगाऊ, पण आपली.'

आणि फोन विझला.

"तरीच!" कोल्हा किंचाळला. "तरीच मी दोन-दोन नंबरांवरून मरमर रिंग देतोय!"

"भोचक? मी भोचक?" वहिनी ताडकन उठली. "ह्या वयात लोकांना नावं ठेवता? शोभतं का तुम्हाला?"

साळूआजीने आधी धाकटीचा नंबर डोळे भरून पाहिला. मग काटे खाली केले, आणि पडदा त्या दोघांकडे नीट वळवला.

"जागा पुष्कळ आहे ह्याच्यात," ती म्हणाली. "आता तुम्ही दोघं आपापले फोन जोडा, मला काय नाव ठेवलंयत तेही सगळे मिळून वाचू."

तात्पर्य : लोकांना नावं जरूर ठेवावीत, पण नेहमी दोन ठिकाणी ठेवावीत. एक जागा फुटली तर इतक्या वर्षांची मेहनत वाया जाते.