सोनकीचा अर्ज आणि माझं निर्दोष वाक्य

एका जंगलात, म्हणजे आपल्याच, उगाच लांबचं कशाला सांगू, एक साळिंदर इंग्रजी शिकवत असे. अंगावर एवढे मोठाले काटे आणि डोक्यात त्याहून जास्त. ते साळिंदर मीच. लपवून उपयोग नाही, बाळांनो. तुमच्या आयांनी तुम्हाला सगळं सांगितलेलंच असणार.

हसा, हसा. पण पुढच्या रांगेने जरा सरकून हसा, काटे लागतील.

तर आपल्या जंगलात इंग्रजी आली कुठून? आपले महाराज दणकटराव गवे, त्यांच्या आजोबांना एका पडक्या डाकबंगल्यात इंग्रजी व्याकरणाचं पुस्तक सापडलं. आजोबांनी आधी ते चावून पाहिलं. खाण्याजोगं नव्हतं, म्हणून राज्यकारभाराला घेतलं. तेव्हापासून दरबारात अर्ज करायचा तर इंग्रजीतच करायचा, असा नियम झाला.

आता गंमत अशी, की दरबारात इंग्रजी कुणालाच येत नव्हती. तरी काम अडत नव्हतं. कसं ते नीट ऐका. शिरस्तेदार होते धनेशतात्या. ही एवढी चोच, आणि चोचीवर आणखी एक चोच. बघणाऱ्याला वाटावं, हा पक्षी कायदा पाठ करूनच अंड्यातून बाहेर आला. कुणी अर्ज आणला की तात्या तो डोळ्यांपुढे धरायचे. कधी सुलटा, कधी उलटा. जरा वेळ "हं, हं" करायचे. मग कागदावरून डोकावून हळूच विचारायचे, "काय गं, काय झालं?"

समोरची बिचारी सांगायची. तात्या चोच शाईत बुडवायचे आणि अर्जाच्याच कोपऱ्यात शेरा मारायचे, 'मंजूर' किंवा 'नामंजूर'. शेरा मारलेला कागद नेऊन दाखवला की काम झालं. इतकं साधं होतं सगळं.

मला मात्र हे ठाऊक नव्हतं. मला वाटायचं, तात्या ते अर्ज खरोखर वाचतात आणि त्यातल्या चुका बघून मनातल्या मनात रडतात. म्हणून मी वर्ग काढला. साळिंदरं दिवसा झोपतात. मी दिवसा शिकवायचो आणि झोपायचं काम विद्यार्थी करायचे.

माझा लाडका धडा एकच होता, मॉडिफायरचा. वाक्यात एखादा तुकडा असतो, तो कुणाविषयी तरी सांगतो. मी म्हणायचो, "हा तुकडा म्हणजे शेपूट. ज्याचं आहे त्यालाच लागलं पाहिजे. 'फांदीवरून उड्या मारताना मला चंद्र दिसला,' इथे उड्या तू मारल्यास की चंद्राने?" सगळा वर्ग म्हणायचा, "मी मारल्या, मास्तर." मी म्हणायचो, "मग चंद्राला त्यातून बाहेर काढ!" माझ्या धाकाने बिचारी माकडं उड्या मारायचीच थांबली होती.

त्या वर्षी उन्हाळा भयंकर पडला. ओढे आटले, पाणवठे आटले. दोन टेकड्यांपलीकडे एक डोह तेवढा राहिला. जवळ म्हणाल तर महाराजांचा राजझरा होता, पण तिथे दोन रानडुकरं पहाऱ्याला. शेरा मारलेला अर्ज दाखवल्याशिवाय थेंब मिळायचा नाही.

सोनकी नावाची एक हरिणी त्या राजझऱ्याला लागूनच राहायची. तिचं पाडस, बिटक्या, खडकावरून घसरलं आणि त्याचा पाय मोडला. दोन टेकड्या चालून डोहाला जाणं त्याच्याने शक्य नव्हतं. सोनकी एकटी धावत डोहावर जायची, तोंडात पाणी धरायची आणि धावत परत यायची. येईपर्यंत वाटेत निम्मं सांडायचं. उरलेलं बिटक्याच्या तोंडात सोडायची. अशाने किती दिवस निघणार?

म्हणून तिने अर्ज लिहिला. माझ्या वर्गाला दोन दिवस आली होती, तेवढ्या भांडवलावर. अर्ज घेऊन दरबाराकडे निघाली, आणि तिचं नशीब असं, की वाटेत मी भेटलो.

"बघू," मी म्हणालो.

अर्जात लिहिलं होतं, तुम्हाला आपल्या भाषेत सांगतो, "पाय मोडून घरात पडल्यामुळे महाराजांनी माझ्या पाडसाला राजझऱ्याचं पाणी द्यावं."

माझे सगळे काटे ताठ उभे राहिले.

"सोनके, पाय कुणाचा मोडलाय?"

"माझ्या बिटक्याचा, मास्तर."

"वाक्यात महाराजांचा मोडलाय. महाराज पाय मोडून घरात पडलेत!"

ती घाबरली. म्हणाली, "पण मास्तर, बिटक्या पडला हे तर सगळ्या जंगलाला माहीत आहे."

"जंगलाला माहीत असून काय उपयोग? वाक्याला माहीत पाहिजे!" मी म्हणालो. "असला अर्ज घेऊन गेलीस तर माझी लाज जाईल. आण इकडे. मी लिहून देतो."

असं म्हणून मी तो अर्ज ठेवून घेतला. बाळांनो, ती तशीच पुढे गेली असती तर दुपारच्या आत पाणी मिळालं असतं. हे मला आज कळतं. त्या दिवशी मला फक्त शेपूट दिसत होतं.

पहिला दिवस महाराजांचा पाय बरा करण्यात गेला. दुसऱ्या दिवशी माझ्या लक्षात आलं, की वाक्यात 'फक्त' घालायला हवं, म्हणजे मागणी नेमकी होईल. पण घालायचं कुठे? 'फक्त माझ्या पाडसाला' म्हटलं तर बाकीची पाडसं तहानेने मेली तरी चालतील. 'माझ्या पाडसाला फक्त पाणी' म्हटलं तर गवत नको असा अर्थ. मांजर पिल्लू सात घरं फिरवतं तसा मी तो शब्द दिवसभर वाक्यात फिरवत बसलो. संध्याकाळी काढून टाकला.

आमची ही दारात उभी होती. म्हणाली, "अहो, तिला पाणी हवंय. वाक्य नकोय."

"तुला त्यातलं कळत नाही," मी म्हणालो.

"ते देवाचे उपकारच म्हणायचे," ती म्हणाली, आणि आत गेली.

सोनकी रोज येऊन उभी राहायची. तोंडात पाणी असायचं म्हणून बोलायची नाही. नुसती बघायची, आणि मी हात करून तिला परत पाठवायचो, "उद्या, उद्या." बिटक्या आता मान वर करत नाही, असं तिच्या शेजारणीने सांगितलं. मला वाईट वाटलं. वाईट वाटून मी 'मोडलेला' हा शब्द दोन घरं पुढे सरकवला.

चौथ्या दिवशी वाक्य झालं. काय सांगू तुम्हाला! जो तो शब्द आपापल्या धन्यापाशी. कुठे काही लोंबकळत नव्हतं. करवंदाच्या शाईने, माझ्या सगळ्यांत बारीक काट्याने लिहिलेलं. मी स्वतः सोनकीबरोबर दरबारात गेलो.

तात्यांनी अर्ज डोळ्यांपुढे धरला. "हं, हं" केलं. मग सवयीप्रमाणे कागदावरून डोकावले आणि म्हणाले, "काय गं, काय झा..."

"तात्या!" मी ओरडलो. "तिला कशाला विचारता? सगळं कागदावर आहे. हा अर्ज स्वतः बोलतो!"

तात्यांनी कागद कानाशी धरला. अर्ज काही बोलेना. महाराज म्हणाले, "कुणी लिहिला हा?" मी पुढे झालो. खरं म्हणजे त्यांनी विचारायच्या आधीच मी पुढे झालो होतो. मग मी घटकाभर समजावून सांगितलं, की कुठलं शेपूट कुणाचं आणि ते त्यालाच का लागलं. महाराजांना त्यातलं अक्षर कळलं नाही. म्हणून ते फार खूश झाले.

तात्यांनी चोच शाईत बुडवली. शेरा मारायला वाकले.

"थांबा तात्या!" महाराज गरजले. "इतक्या देखण्या कागदावर शेरा? डाग पडेल! याला चौकट करा आणि दरबाराच्या दारात टांगा. यापुढे सगळ्यांनी असं लिहायचं!"

टाळ्या पडल्या. मला शाल आणि नारळ मिळाला. शाल काट्यांत अडकून तिच्या चिंध्या झाल्या, पण मी ती काढली नाही.

"महाराज," सोनकी म्हणाली, "आणि माझं पाणी?"

महाराज प्रेमाने म्हणाले, "दुसरा अर्ज कर, पोरी. पण असाच हवा हं. याच्याहून एक काना कमी चालणार नाही."

आता बघा. दुसरा तितकाच चांगला केला तर तोही टांगणार. वाईट केला तर घेणार नाहीत. हे तिच्या तिथल्या तिथे लक्षात आलं. माझ्या नाही आलं, कारण माझी मिरवणूक निघाली होती.

घरी गेलो तर आमच्या हिने नारळाकडे बघितलंसुद्धा नाही. "पाणी मिळालं का?" तिने विचारलं. मी झालेलं सांगितलं. तिने कपाळाला हात लावला. "उठा," ती म्हणाली. "आत्ताच्या आत्ता जा आणि त्या कागदात एक चूक करून या. चूक झाली की तो साधा अर्ज होईल. तात्या शेरा मारतील. जा!"

तिचं बरोबर होतं. मला तेव्हाही कळलं की बरोबर आहे.

भर दुपारी मी दारापाशी गेलो. आजूबाजूला चिटपाखरू नव्हतं. कारवीच्या काड्यांची चौकट, तिला वेलीचा हार, आणि आत माझं वाक्य. मी पाठीवरचा काटा उपसला. एकच शब्द इकडचा तिकडे करायचा होता. एक शेपूट उपटून महाराजांना लावायचं, बस. काटा कागदाला टेकवला.

आणि हात हलेना. खरंच सांगतो.  तेवढ्यात मला दिसलं, की शेवटचा पूर्णविराम जरा पुसट आहे. मी तो ठळक केला.

मागे वळलो तर सोनकी उभी होती.

डोहावरून आली होती. खूर चिखलाने भरलेले. तोंडात बिटक्याचं पाणी होतं, म्हणून तिला बोलता येत नव्हतं. मी काय करायला आलो होतो आणि काय केलं, ते तिने सगळं पाहिलं होतं. तिने मला शिव्या द्यायला हव्या होत्या, मला बरं वाटलं असतं. ती नुसतीच बघत राहिली.

मग ती पुढे आली आणि मागच्या पायांवर उभी राहून पुढचे दोन्ही खूर तिने चौकटीवर मारले. चौकट खाली पडून मोडली. कागदावर ती चारी पायांनी उभी राहिली आणि चिखलाने माझं वाक्य तुडवलं. या टोकापासून त्या टोकापर्यंत. मला ओरडावंसं वाटलं. मी ओरडलो नाही, एवढं एकच काम मी त्या आठवड्यात बरं केलं.

तिने तो कागद खुराने माझ्याकडे ढकलला. तोंडात पाणी, ती कशी उचलणार? मी उचलला. आम्ही दोघं आत गेलो. महाराज दुपारच्या झोपेत होते, तात्या एकटेच जागे होते.

तात्यांनी कागद पाहिला आणि त्यांचा चेहरा खुलला. "हां! हा अर्जासारखा दिसतोय," ते म्हणाले. मग कागदावरून डोकावून त्यांनी विचारलं, "काय गं, काय झालं?"

सोनकीने माझ्याकडे पाहिलं. तिला तोंड उघडता येत नव्हतं. बोलायचं मलाच होतं.

मी तोंड उघडलं. आयुष्यभर इतकी वाक्यं दुरुस्त केली, पण एक धड सुचेना. म्हणालो, "तात्या, चार दिवस तहानेनं सुकून मी लिहीत बसलो, ते मान टाकून, झरा जवळ असून, आईच्या तोंडात, मी शाल घेऊन... तात्या, ते मरेल हो!"

आणि मी रडायला लागलो.

 तात्यांना सगळं समजलं होतं. त्यांनी चोच बुडवली आणि माझ्या वाक्याच्या बरोबर मधोमध, ठसठशीत, 'मंजूर' लिहिलं.

सोनकी वाऱ्यासारखी सुटली. मी कागद काट्यांवर टोचून तिच्या मागे धावलो. रानडुकरं शेरा पाहून बाजूला झाली. तिने तोंडातलं पाणी बिटक्याच्या जिभेवर सोडलं, मग त्याला नाकाने ढकलत, उठवत, तीन पायांवर झऱ्यापर्यंत आणलं. तो पाण्यात तोंड घालून प्यायला लागला. मध्येच ठसका लागायचा, तरी थांबायचा नाही. सोनकी त्याची मान चाटत होती. मला लाज वाटत होती आणि इतका आनंदही कधी झाला नव्हता. जरा वेळाने तिने मला हाक मारली, "मास्तर, तुम्हीपण प्या दोन घोट. दमलात." मी प्यायलो.

काय रे, मागच्या रांगेतल्या? काय विचारतोस? तात्यांना मी बोललो ते वाक्य बरोबर होतं का?

नाही, बाळा. त्यात सहा चुका होत्या. तेव्हाच मोजल्या होत्या, रडता रडता. सातवी काल सापडली.

आता पाट्या काढा. परीक्षेत येतं, म्हणून लिहून घ्या.

तात्पर्य : ज्याला सत्कार हवा त्याने वाक्य निर्दोष लिहावे. ज्याला पाणी हवे त्याने ते वाक्य पायाखाली घ्यावे. ज्याला या दोहोंतले काहीच जमत नसेल, त्याने शिकवणीचा वर्ग काढावा. माझा रोज दुपारी भरतो.