वॉल्टर प्लॅटची पँट

क्लिफर्ड ऑग्डेनच्या मांडीवर चहा सांडला तेव्हा तो बीचक्रॉफ्ट वृद्धाश्रमाची पाहणी करत होता. म्हणजे बैठकीच्या खोलीतल्या मऊ खुर्चीत बसून तिसरं बिस्किट खात होता. हा आश्रम एका कंपनीला विकायचा ठराव त्याच संध्याकाळी हॅदरशॉ नगरपालिकेपुढे यायचा होता. क्लिफर्डच्या पक्षाला बहुमत एकाच मताचं. एक जण जरी कमी पडला तरी मतं समसमान होऊन ठराव आपटणार. गटनेत्याने सकाळीच बजावलं होतं, "मेलास तरी सहाला ये. आणि त्याआधी आश्रमात डोकावून ये. भाषणात 'मी स्वतः पाहून आलोय' असं ठोकता आलं पाहिजे."

मॉइरा नावाच्या जुन्या सेविकेने त्याला कोरडी पँट आणून दिली, वर हिरवा स्वेटरही.

"वॉल्टरचे आहेत. बिचारा गेला गेल्या महिन्यात. लेक कपडे न्यायला येते येते म्हणते, पण तिचा पाय निघत नाही. तुमचे धुवायला टाकते हं."

क्लिफर्डची पँट यंत्रात गेली. तिच्या खिशातला मोबाइलही गेला. मग मॉइराची कामाची पाळी संपली आणि तीही गेली.

पुढच्या पाळीला टेंडाय आली. ती एजन्सीकडून आलेली, आणि आजच पहिल्यांदा. कायमच्या सेविका कमी करून एजन्सीच्या घ्याव्यात, हा ठराव गेल्या वर्षी क्लिफर्डनेच मांडला होता. त्यावर टाळ्याही पडल्या होत्या.

बाहेरचं दार आकडे दाबल्याशिवाय उघडत नसे. क्लिफर्डने ते हलवून पाहिलं, मग बडवलं. टेंडायने येऊन शांतपणे त्याची कॉलर उलटून पाहिली. धुण्यात अदलाबदल होऊ नये म्हणून इथे प्रत्येकाच्या कपड्याला नावाची पट्टी शिवलेली असे.

"चला वॉल्टर, राजा. आधी जेवून घेऊ."

"मी वॉल्टर नाही! मी नगरसेवक आहे!"

"हो का? अरे वा! ते खिडकीतले आजोबा तर आरमाराचे प्रमुख आहेत."

"तुमच्या मॅनेजरला बोलवा!"

"त्या तीन आश्रम बघतात. आज कुठल्या आश्रमात आहेत, कोणालाच माहीत नाही."

हाही ठराव आपलाच, हे क्लिफर्डला आठवलं. मग पुरावा म्हणून त्याने संध्याकाळचं भाषणच सुरू केलं. "बंधुभगिनींनो, मी स्वतः पाहून आलोय—"

"काय पाहिलंस?" शेजारच्या खुर्चीतून एनिडबाई कडाडल्या. नव्वदीच्या या बाईंच्या पुढ्यात डॉमिनोच्या सोंगट्या मांडलेल्या होत्या. त्या रोजचा पेपर जाहिरातींसकट वाचत.

"बाई, तुम्ही तरी सांगा हिला! मी कोण आहे?"

एनिडबाईंनी चष्मा नीट केला. त्याला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. घड्याळाकडे बघितलं.

"वॉल्टरच हा," त्या म्हणाल्या. "हरायला लागला की असाच पळतो."

जेवायला मटणाची पाई आणि गरम रस्सा होता, नंतर भाताची खीर, वर जॅम. बायको नॉर्मा गेल्यापासून क्लिफर्ड डब्यातलं सूप मोरीपाशी उभ्याउभ्याच पीत असे. त्याने खीर पुन्हा मागितली. मग एक डाव खेळला, तो हरला. दुसरा जिंकला.

"कंपनी आली की मला समुद्रकाठच्या आश्रमात टाकणारेत," सोंगटी लावत एनिडबाई म्हणाल्या. "हवा छान आहे म्हणे. हवा घेऊन काय करू? डॉमिनो कोणाशी खेळू?"

"तसं ठरावात नव्हतं," क्लिफर्ड पुटपुटला.

"तू वाचलायस?"

क्लिफर्डने दुसरी सोंगटी उचलली.

साडेपाचला जिलियन प्लॅट आली. विरोधी पक्षाची नगरसेविका, आणि वॉल्टरची लेक. हातात मोठी रिकामी पिशवी. खुर्चीच्या पाठीवरून तिला हिरवा स्वेटर दिसला आणि ती दारातच थबकली. खुर्चीतल्या माणसाने मागे वळून पाहिल्यावर तिने श्वास सोडला.

"क्लिफर्ड? उठा. सभा सुरू होईल. दाराचे आकडे मला माहीत आहेत. माझ्या गाडीतून सोडते."

"मला? अगं, मी आलो तर तू हरशील."

"हरेन. पण तुम्हाला कोंडून जिंकलेलं बाबांना कधी खपलं नसतं."

टेंडाय गोंधळली. "म्हणजे हे वॉल्टर नाहीत? मग कोण आहेत?"

सगळे क्लिफर्डकडे बघू लागले. सभेत हात वर केला नाही तर पक्ष पुढचं तिकीट कापणार होता. मात्र आश्रमात चुकून अडकलेल्या म्हाताऱ्यावर कारवाई करायला पक्षालाही लाज वाटली असती. पुढ्यात अर्धा डाव होता. वाटीत तळाला थोडी खीर होती.

"वॉल्टर प्लॅट," तो म्हणाला. "पट्टीवर लिहिलंय."

जिलियनने पुढे होऊन स्वेटरची कॉलर सरळ केली आणि बाहेर आलेली पट्टी आत खोचली.

"बरं बाबा," ती म्हणाली. "खीर सांडू नकोस अंगावर."

रिकाम्या पिशवीची घडी करून तिने ती कोटाच्या खिशात ठेवली, दारावरचे आकडे दाबले आणि मतदानाला गेली.

"टाक रे," एनिडबाई म्हणाल्या. "केव्हाची थांबलेय."